फुग्याने ऐकलेलं

स्वयंपाकघरात निथळत ठेवलेल्या भांड्यांतून एक चमचा घसरला आणि ओट्यावर किणकिणला. सगळं घर गप्प होतं, त्यामुळे तो एवढासा आवाजही गार्गीला कुणीतरी हाक मारल्यासारखा वाटला. कंट्रोलरच्या बटणावर टेकवलेला अंगठा तिने उचलला.

समोर टीव्हीवर प्रश्न तसाच थांबलेला होता. ‘बारसे_फायनल_२ ही फाइल कायमची काढून टाकायची आहे का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. निळी चौकट ‘हो’वर होती.

सोमवार होता. ती जिथे डोळे तपासायची, त्या कराडच्या चष्म्याच्या दुकानाला सोमवारी सुट्टी. नवरा, शार्दूल, दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेला होता आणि सहा वर्षांची कावेरी शाळेत. पावणेदोनला रिक्षातून कावेरी उतरेल, वरणभात खाईल, चार वाजले की टीव्हीसमोर मांडी ठोकेल आणि आजचा व्हिडिओ लावेल. आजचा व्हिडिओ म्हणजे हाच, तिच्या स्वतःच्या बारशाचा. त्यातली सनई बाजूला सारून डबा खालचं बोलणं वर काढेल, आणि सहा वर्षांपूर्वी आपली आई काय म्हणाली होती ते कावेरी ऐकेल.

डबा म्हणजे शार्दूलचा गेमचा कन्सोल. लग्नाआधी हौसेने घेतलेला, मग काही वर्षं नुसती धूळ खाल्लेला, आणि आता घरातला सगळ्यात लाडका. शार्दूलने घरातले सगळे जुने व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर भरले होते. ती डिस्क पलीकडच्या खोलीत वायफायच्या राउटरला लटकायची आणि डबा तिच्यावरून हवा तो व्हिडिओ ओढून टीव्हीवर दाखवायचा. एवढ्यात काही नवल नव्हतं. नवल आलं ते दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये. व्हिडिओच्या खाली एक नवीन बटण उगवलं: ‘मूळ आवाज’.

आपल्याकडचे समारंभाचे व्हिडिओ कसे असतात ते सांगायला नको. फोटोग्राफर चार तास राबतो, घरी जातो, आणि माणसांचं सगळं बोलणं पुसून त्यावर गाणी चिकटवतो. माणसं तोंड हलवतात, सनई वाजते. पिढ्या बदलल्या, कॅमेरे बदलले, ही खोड काही गेली नाही. म्हणून त्या बटणाचं इतकं अप्रूप. ते दाबलं की पुसलेलं बोलणं परत यायचं, आणि तेही चित्रातून.

आवाज म्हणजे तरी काय, हवेने हवेला दिलेला धक्का. वाटेत जे सापडेल त्याला तो लागतो. पडदा, झाडाचं पान, चिवड्याची पिशवी, पेल्यातलं पाणी, सगळं त्या धक्क्याने थरथरतं, पण इतकं थोडं की डोळ्याला पत्ता लागत नाही. व्हिडिओतही ती हालचाल एका ठिपक्याच्या शंभराव्या भागाएवढीच येते. एकटा ठिपका त्यातलं काही सांगू शकत नाही. पण फुग्याच्या कडेवरचे हजार ठिपके एकदम तपासले, तर सगळ्यांनी मिळून घेतलेला झोका हाताला लागतो.

शार्दूलने पहिल्याच दिवशी शंका काढली होती. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो. माणसाचा आवाज सेकंदाला शेकडो वेळा थरथरतो. मग तो तिसांत मावणार कसा? मेख तिथेच होती. कॅमेरा एक चित्र एका झटक्यात टिपत नाही. आपण पुस्तकाचं पान वाचतो तसा तो वरून खाली ओळीओळीने येतो. हजाराच्या वर ओळी, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित उशिराची. म्हणजे एकेका चित्रात हजार हजार क्षण दडलेले. तेवढ्या जागेत बोलणं काय, कुजबुजही मावते. हे गणित तसं जुनंच, पण एका मिनिटाच्या चित्रणाला दिवस दिवस लागायचे म्हणून ते प्रयोगशाळेतच पडून होतं. खेळातलं गवत, पाणी, घोड्याची आयाळ हलवायला बनवलेली कन्सोलची चिप तेच काम चहा उकळेपर्यंत उरकायला लागली.

जी अक्षरं गळालेली असतील ती डबा अंदाजाने भरायचा. घरातले आवाज त्याच्या ओळखीचे होते, कारण खेळताना सगळे त्याच्या माईकवर बोलत. कावेरीची आत्या, शाल्मली, हुबळीहून दर शुक्रवारी कावेरीशी ऑनलाइन सापशिडी खेळायची, म्हणून तिचाही आवाज त्याला पाठ होता. टीव्हीवर खाली शब्द उमटायचे. खात्रीचा शब्द ठळक, अंदाजाचा फिकट, आणि काहीच हाती लागलं नसेल तिथे मोकळी जागा. शेजारी खात्रीचा आकडा.

सुरुवातीला नुसती धमाल होती. कावेरीच्या पाचव्या वाढदिवसाचं गाणं बाजूला सारलं, तर खालून सासऱ्यांचा आवाज आला, “ते केक-बिक नंतर कापा, मला आधी कपभर चहा द्या कुणीतरी.” घरातल्या घरात ते वाक्य आठवडाभर चाललं. वरच्या मजल्यावरच्या निकमकाकूंकडे मात्र धमाल झाली नाही. त्यांनी मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला आणि विहीणबाई जिलेबीला ‘पाकात बुडवलेलं रबर’ म्हणाल्याचं सगळ्यांदेखत निघालं. दोन महिने दोन्ही घरं बोलत नव्हती. कराडातल्या कार्यालयांनी एकेक करत फुगे लावणं बंद केलं, चमकीच्या झिरमिळ्या काढल्या, जाड कापडाची तोरणं आणली. जुनी माणसं भिंतीला कान असतात म्हणायची. आताची माणसं कोपऱ्यात तोंड उघडण्याआधी वर बघायची, फुगा नाही ना.

कावेरीला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तिला फक्त स्वतःला बघायचं होतं. “रोज एकच,” असा शार्दूलचा नियम, आणि यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली. त्यामुळे टीव्हीवरची कावेरी रोज थोडी थोडी लहान होत चालली होती. मागल्या महिन्यात शाळेचा पहिला दिवस झाला, मग घसरगुंडी, मग पहिलं पाऊल, मग उष्टावण. गार्गी भाजी चिरता चिरता यादीकडे बघायची. बारा फाइली राहिल्या. सात राहिल्या. चार.

काल, रविवारी संध्याकाळी, कावेरीने उद्याची फाइल नुसती डोकावून बघायची म्हणून उघडली आणि टीव्हीवर अक्षरं आली: ‘हा फाइल प्रकार चालत नाही.’

“बाबा, माझं बारसं उघडत नाहीये.”

“जाऊ दे गं,” गार्गी मेथी निवडता निवडता म्हणाली. तिचा आवाज तिलाच जरा जास्त हलका वाटला. “जुनी फाइल आहे. खराब झाली असेल.”

“खराब कसली होतेय,” शार्दूल उठलाच. “त्या फोटोग्राफरने कुठल्या तरी आडवळणाच्या फॉरमॅटमध्ये दिलीय. डब्याला कळत नाही तो. मी लॅपटॉप मध्ये बसवतो. लॅपटॉप डिस्कवरून फाइल उचलेल, वाटेतच डब्याला कळेल अशी करेल आणि पुढे धाडेल. दुभाष्या ठेवायचा, झालं.”

“कशाला एवढी खटपट? दुसरं काहीतरी लावा की.”

“खटपट मी करतोय ना? तू मेथी निवड.” तो हसला. “बघू दे तिला. आत्याने कानात काय सांगितलं ते तरी कळेल.”

“नाव सांगितलं,” कावेरी म्हणाली. एवढंही कसं माहीत नाही, असा सूर. “आत्या आधी बाळाच्या कानात नाव सांगते, मग सगळ्यांना मोठ्याने सांगते. आणि ती कानात सांगत असते ना, तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आजीने सांगितलंय. मला धपाटे बघायचेत.”

अर्ध्या तासात दुभाष्या बसला. टीव्हीवर सनई वाजली, पिवळ्या-केशरी फुग्यांनी सजवलेला पाळणा दिसला. “आता उद्या,” म्हणून शार्दूलने बंद केलं. गार्गीच्या ताटलीत मेथीच्या पानांबरोबर काड्याही पडत राहिल्या.

शार्दूलला ती सांगू शकली असती. कावेरी झाल्यानंतरचे ते महिने त्याला ठाऊक होते. डॉक्टरबाईंनी त्या आजाराला नाव दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, आणि पाचेक महिन्यांत गार्गी पूर्ववत झाली होती. पूर्ववत कशी, त्याहून बरी, कारण आता मांडीवरचं ते बाळ तिचं होतं. त्याला ठाऊक नव्हतं ते एक वाक्य.

बारसं तिच्या माहेरी, विट्याला होतं. चाळीस दिवस झाले होते आणि चाळीस दिवसांत सलग दोन तास झोप नव्हती. हिरवी साडी नेसवून, गजरा माळून तिला पाळण्याशेजारी खुर्चीत बसवलं होतं, एखादी वस्तू ठेवावी तसं. शाल्मलीताई शेजारी उभी होती. शार्दूलची थोरली बहीण. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दवाखाने करून थकलेली, मूल नसलेली. गार्गीने तिचा पदर धरून तिला खाली ओढलं आणि म्हणाली, “ताई, तुम्ही घेऊन जा हिला. मला नकोय ती.”

मग तिने मान खाली घातली. ताईचा चेहरा तिने बघितलाच नाही. त्यानंतर आजपर्यंत नीट बघितला नव्हता. ताई घरी आली की गार्गीला हमखास काम निघायचं.

आणि आता पाळण्याच्या कठड्याला बांधलेल्या केशरी फुग्याने ते सगळं ऐकून ठेवलेलं होतं.

गार्गीने निळी चौकट ‘नाही’वर नेली. पुसून काय होणार, असं तिला वाटलं. कावेरी विचारणार, बाबा परत शोधणार, विट्याच्या मामांकडे दुसरी प्रत असणार. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी हेही होतं, की मान खाली घातल्यावर पुढे काय झालं ते आपणही बघितलेलं नाही.

तिने बाल्कनीचं दार लावून घेतलं. व्हिडिओ सुरू केला. ‘मूळ आवाज’ दाबलं.

सनई एखादी सतरंजी ओढून काढावी तशी निघून गेली. खाली आधी नुसती खरखर होती, मग दुरून ताटवाट्या, कुणाचं तरी खोकणं, मामींचं “अगं ती सुपारी कुठाय?” आवाज पत्र्याच्या पिंपातून यावेत तसे, पण माणसं ओळखू येत होती. खुर्चीतली हिरव्या साडीतली मुलगी फुग्याकडे बघत होती. तिने शाल्मलीताईचा पदर धरला.

‘ताई, तुम्ही घेऊन जा हिला. मला नकोय ती.’ ठळक अक्षरं. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

गार्गीने व्हिडिओ थांबवला. एका वाईट बाईचा आवाज ऐकायच्या तयारीने ती बसली होती. आला तो झोप न मिळालेल्या मुलीचा. दुकानात असं कुणी समोर बसलं असतं तर तिने आधी डोळे तपासले नसते, पाणी दिलं असतं, घरी जाऊन झोपायला सांगितलं असतं. तिने मागे नेऊन तेच वाक्य पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिला रडू आलं, पण त्यात लाज थोडी कमी होती.

मग तिने पुढे जाऊ दिलं.

शाल्मलीताई सरळ उभी राहिली. चेहरा अर्धा फुग्याआड होता. “चला आत्याबाई, नाव सांगा,” मामी ओरडल्या. ताई पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं, आणि मागून चार-पाच जणींनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. फुगा गदगदा हलत होता. हसणं, बांगड्या, धपधप. डब्याने ते एकेक करून बाजूला काढलं. खाली उमटली ती कुजबुज होती, आणि बरीचशी फिकट.

‘आई दमलीय तुझी.’ मग मोकळी जागा. मग ‘थांब हं. येईल ती.’ खात्री अठ्ठावन्न टक्के.

ताई ताठ झाली, पाठ चोळत हसली, आणि मोठ्याने म्हणाली, “कावेरी.” टाळ्या.

गार्गीने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. अठ्ठावन्न म्हणजे निम्म्याहून थोडंच जास्त. यंत्र माणसाला बरं वाटेल असं भरत असेल तर? निकमकाकूंना तर बरं वाटेल असं काही भरलं नव्हतं त्याने. तरी पण. हे वाक्य तिला इतकं हवंहवंसं वाटत होतं, की त्याच कारणाने तिचा त्यावर विश्वास बसेना. खात्री करायची तर एकच जागा होती.

पहिल्या रिंगमध्ये फोन उचलला गेला. “गार्गी? काय झालं? कावूला बरं नाही का?”

“बरी आहे ताई. शाळेत गेलीय.”

“शार्दूल?”

“तोही बरा आहे. मीच केला फोन. ऑफिसात आहात का? दोन मिनिटं बोलू?”

“बोल की. घाबरवलंस बाई. तुझा फोन म्हणजे एकतर दवाखाना, नाहीतर अधिक महिन्याचं वाण.”

गार्गीने एका दमात सांगून टाकलं. “बारशाचा व्हिडिओ लावला. मूळ आवाज लावून. मी तुम्हाला जे म्हणाले ते ऐकलं.”

पलीकडे खुर्ची मागे सरकली. चार पावलं. दार लागलं.

“हं,” शाल्मली म्हणाली. “मी तेव्हाच ऐकलं होतं.”

“मग सहा वर्षांत एकदाही काही बोलला का नाहीत?”

“कधी बोलणार? मी हॉलमध्ये आले की तू ओट्याशी. मी ओट्याशी आले की तू गच्चीवर, कपडे काढायला. मागल्या श्रावणात तर दोरीवर एक रुमाल नव्हता, तरी वीस मिनिटं काढत होतीस.”

गार्गीला हसू आलं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. शाल्मलीने तिला रडू दिलं.

“मला लाज वाटायची ताई. सगळं जग सोडून मी नेमकं तुम्हाला म्हणाले.”

“नेमकं मला, म्हणजे जिला मूल नाही तिला. तेच ना? मीही आधी तेच धरलं. खोटं कशाला बोलू. परतताना गाडीत निपाणीपर्यंत रडले. तुझे भावजी नुसती गाडी चालवत होते, बिचारे. मग पुढे कुठेतरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, ही बाई मूल द्यायला निघालेली नाही. ही बुडतीय, आणि हाताला लागेल त्याला धरतीय. दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूलला फोन केला. म्हटलं, तिला डॉक्टरकडे ने. उद्या नाही, आज.”

“तुम्ही सांगितलं होतं त्याला?”

“तू झोपत नाहीस, तुझं लक्षण बरं नाही, एवढंच. वाक्य नाही सांगितलं. अजून कुणाला नाही. माझं नाव घेऊ नको, असंही त्याला म्हटलं होतं. म्हटलं, तुला वाटायचं, नणंदेने जाऊन सगळं ओकलं.”

गार्गीने नाक पुसलं. “आणि कावेरीच्या कानात काय सांगितलंत?”

“तेही येतं त्यात?”

“येतं. फिकट येतं. मधलं येत नाही.” आणि तिने टीव्हीवरचं वाचून दाखवलं. ‘आई दमलीय तुझी.’ मोकळी जागा. ‘थांब हं. येईल ती.’

“मधे ‘जरा लांब गेलीय’ म्हटलं होतं,” शाल्मली म्हणाली. तिचा आवाज आता सापशिडी खेळतानाचा राहिला नव्हता. “ठरवून नाही गं. मी वाकले आणि तिने डोळे उघडले. टकामका बघायला लागली माझ्याकडे. मला वाटलं, घरात काय चाललंय ते हिला कुणीतरी सांगायला पाहिजे ना.”

“मग नाव?”

“नाव राहिलंच.” ती खुसखुसली. “त्या तुझ्या विट्याच्या मामी हात राखून मारत नाहीत. पाठ फुटायच्या आत उभी राहिले आणि मोठ्याने सांगून टाकलं. आमचे बाबा लगेच म्हणाले, कराडात कृष्णा-कोयना दारात असताना ही कावेरी कुठून आणली. सगळे हसले. त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. सहा वर्षं त्या पोरीच्या कानातलं देणं आहे माझ्याकडे.”

“मग या आणि द्या.”

“शनिवारी येऊ?”

“शनिवारी या. आणि मी ओट्याशी असले तर तिथे या.”

फोन ठेवल्यावर गार्गीने थालीपिठाचं पीठ मळायला घेतलं. हात कामात असले की तिला नीट विचार करता यायचा. कावेरीला काय ऐकवायचं? सगळं ऐकवावं, तर सहा वर्षांच्या मुलीला ‘नकोय’ एवढंच कळेल. सगळं लपवावं, तर आत्याने तिला दिलेलंही तिच्यापासून जाईल. पीठ मळून झालं तोवर तिचं ठरलं. कानात सांगितलेलं ज्याच्या कानात त्याचं. ते कावेरीचं होतं, ते तिला मिळायलाच हवं. खुर्चीत बसून म्हटलेलं मात्र गार्गीचं होतं. ते पुसायचं नाही, आणि यंत्राकडून वदवायचंही नाही. कावेरी मोठी होईल, तीही कधीतरी दमेल, अगदी गळ्यापर्यंत दमेल. त्या दिवशी तिच्याशेजारी बसून आपण ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

शार्दूललाही सांगायचं, आजच, तो आला की. ते तिला वाटलं होतं तितकं जड वाटलं नाही.

तिने हात धुतले, व्हिडिओचा सुरुवातीचा भाग वेगळा काढून आपल्या नावाने कुलूप लावून ठेवला, आणि ताई पाळण्यावर वाकते तिथे खूण केली: ‘इथून सुरू करा’.

पावणेदोनला कावेरी आली. थालीपीठ बघून “आज काय आहे?” म्हणाली, “सोमवार आहे,” असं उत्तर मिळालं, ते तिला पटलं. चार वाजता ती मांडी घालून बसली. गार्गी तिच्या मागे, पाय पसरून, तिला पोटाशी घेऊन बसली. एरवी ती या वेळी ओट्याशी असायची. कावेरीने एकदा मान वर करून बघितलं, मग आणखी मागे रेलली.

“मी दाबू?”

“दाब.”

फुगे दिसले. वाकलेली आत्या दिसली. धपाटे सुरू झाले आणि कावेरी इतकी खिदळली, की पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा तिने कानामागे हात धरला, दुकानात येणारे म्हातारे आजोबा धरतात तसा.

“आत्या नाव सांगतच नाहीये,” ती म्हणाली.

“नाही सांगत.”

“राहिलं तिचं?”

“राहिलं. शनिवारी येणार आहे ती, सांगायला.”

“मग मी पण तिला धपाटे घालणार.” हे ठरल्यावर ती पुन्हा ऐकू लागली. ओठ हलवत, शब्द जुळवत. “आई दमलीय तुझी. मग मधे काय म्हणते? तिथे नुसती जागा आहे.”

“जरा लांब गेलीय, असं म्हणते.”

“आई दमलीय तुझी. जरा लांब गेलीय. थांब हं. येईल ती.” कावेरीने सगळं सलग म्हणून बघितलं, कविता पाठ करावी तसं. तिला ते आवडलेलं दिसलं. मग ती गार्गीच्या मांडीवरून उठली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि पाळण्याच्या शेजारी, फुग्याच्या पलीकडे, हिरव्या साडीत मान खाली घालून बसलेल्या मुलीवर तिने बोट ठेवलं. बराच वेळ तिच्याकडे बघून ती मागे वळली.

“पण आई, तू तर इथेच बसलीयेस, माझ्या पाळण्याजवळ. मग लांब कुठे गेली होतीस?”